वाळलेले लाकूड आणि हातातला खेळ

आलापल्लीच्या सागाचा दरवाजा करायचा असेल, तर जाणता सुतार ओल्या लाकडाला हात लावत नाही. ओल्या लाकडातले पाणी पुढे सावकाश निघून जाते, लाकूड आकसते, पीळ धरते आणि पावसाळ्यात बसवलेला दरवाजा उन्हाळ्यात चौकटीत नीट बसत नाही. वाळलेल्या लाकडाचे जे काही व्हायचे ते होऊन गेलेले असते. ते आता कसे वागेल हे सुताराला ठाऊक असते. जपानी अभियंते तंत्रज्ञानाबद्दल बोलताना नेमका हाच शब्द वापरतात : 'कारेता', म्हणजे वाळलेले. ज्याचे सगळे दोष उघड झाले आहेत, ज्याची किंमत उतरली आहे आणि जे कसे वागेल याची खात्री आहे, असे तंत्र म्हणजे वाळलेले तंत्र.

हा शब्द आठवण्याचे कारण विद्यार्थ्यांकडून येणारा एक प्रश्न. जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी हातात मावणारी स्वस्त यंत्रे आता बाजारात भरपूर मिळतात. काही काहीशे रुपयांना, काही काही हजारांना. त्यातले कोणते घ्यावे? शिक्षकांनी 'हा आपला विषय नाही' म्हणून या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. हातातल्या खेळयंत्राचा सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास हा खरे तर 'योग्य यंत्र कसे निवडावे' याचाच धडा आहे. आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात तो खेळण्यापुरता मर्यादित राहत नाही.

कॅल्क्युलेटरच्या पोटातून

पहिले पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक हातखेळ यंत्र १९७६ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने बाजारात आणले. नाव 'ऑटो रेस'. त्यातली चिप मुळात कॅल्क्युलेटरची होती. पडद्यावर चित्र नव्हते, लाल दिव्यांच्या बारीक रेघा होत्या. एक रेघ म्हणजे आपली मोटार, बाकीच्या म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारी. सगळा कार्यक्रम ५१२ बाइटमध्ये बसवलेला होता. या लेखाचा एक परिच्छेदसुद्धा तेवढ्या जागेत मावणार नाही.

१९७९ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीचे 'मायक्रोव्हिजन' आले. त्यात खेळ बदलता येत आणि त्याचा पडदा द्रवस्फटिकाचा होता : १६ ओळी, १६ रकाने. कल्पना उत्तम होती, पण ठिपक्यांचा असा पडदा तेव्हा ओल्या लाकडासारखा होता. अनेक यंत्रांचे पडदे काही काळाने काळे पडले आणि आज चालू स्थितीतले मायक्रोव्हिजन दुर्मिळ झाले आहे.

द्रवस्फटिक म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिश राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एका पदार्थाचे दोन वितळणबिंदू आढळले. १४५.५ अंशांना तो वितळून गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकदम स्वच्छ होई. मधल्या अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, पण स्फटिकासारखे एका दिशेने रांगेत राहतात. अशा द्रवाचा पातळ थर दोन ध्रुवकांच्या मध्ये ठेवला आणि त्याला थोडासा विद्युतदाब दिला, की रेणूंची दिशा बदलते आणि प्रकाश अडतो किंवा पार होतो. ही युक्ती व्यवहारात आणणारी रचना १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये शाड्ट आणि हेल्फरिश यांनी तयार केली. (या शास्त्रात भारताचाही वाटा आहे. तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ साली बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांच्या गटाने शोधले.) महत्त्वाची गोष्ट अशी, की असा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. बाहेरचा प्रकाश तो फक्त अडवतो किंवा सोडतो. म्हणून त्याला वीज नगण्य लागते.

१९७० च्या दशकात जपानमध्ये शार्प आणि कॅसिओ यांच्यात स्वस्त कॅल्क्युलेटरची तुंबळ स्पर्धा झाली. दशक संपता संपता कॅल्क्युलेटरची चिप आणि त्याचा आकड्यांचा पडदा या दोन्ही वस्तू पूर्ण वाळल्या होत्या : स्वस्त, टिकाऊ, मुबलक.

योकोई यांचा आडवा विचार

गुनपेई योकोई यांनी क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आणि १९६५ साली निन्तेन्दो कंपनीत नोकरी धरली. १८८९ साली स्थापन झालेली ही कंपनी तेव्हा प्रामुख्याने खेळण्याचे पत्ते करीत असे आणि योकोई यांचे काम होते पत्ते करणाऱ्या यंत्रांची देखभाल. फावल्या वेळात त्यांनी केलेले एक खेळणे मालकांना आवडले आणि ते खेळणी घडवण्याच्या कामाला लागले.

त्यांचे सूत्र पुढे प्रसिद्ध झाले : वाळलेले तंत्र घ्या आणि त्याचा आडवा विचार करा. म्हणजे एका कामासाठी पक्के झालेले तंत्र भलत्याच कामाला लावून पाहा. आगगाडीत कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ काढणारा एक प्रवासी पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० च्या एप्रिलमध्ये निन्तेन्दोचे 'गेम अँड वॉच' आले. कॅल्क्युलेटरचा आठ हा आकडा सात ठरावीक रेघांचा बनतो. कोणत्या रेघा काळ्या करायच्या त्यावर आकडा ठरतो. योकोई यांनी त्या रेघांच्या जागी माणसाचे हात आणि चेंडू यांचे आकार घातले. डावा हात काळा, मग उजवा काळा, की माणूस चेंडू झेलतो आहे असे दिसते. खेळ नसेल तेव्हा तेच यंत्र घड्याळ. बटणाएवढे सेल त्याला कितीतरी दिवस पुरत. या मालिकेची चार कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली.

चार सेल आणि सहा सेल

खरी परीक्षा १९८९ साली झाली. त्या वर्षी २१ एप्रिलला जपानमध्ये 'गेम बॉय' आला. किंमत १२,५०० येन. पडदा रंगीत नाही, त्यामागे दिवा नाही. १६० बाय १४४ ठिपके आणि हिरवट-करड्या रंगाच्या चार छटा. प्रक्रियक सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा, स्मृती ८ किलोबाइट. त्याच वर्षी अटारी कंपनीचे 'लिंक्स' आणि पुढच्या वर्षी सेगा कंपनीचे 'गेम गियर' आले. दोन्ही रंगीत, दोन्हींच्या पडद्यामागे दिवा. शेजारी शेजारी ठेवले तर गेम बॉय गरीब नातेवाइकासारखा दिसे.

आता थोडा हिशोब करू. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते सुमारे १५ तास चालत. म्हणजे ताशी ४ भागिले १५, साधारण ०.२७ सेल. गेम गियरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तास चालत. मधला आकडा चार तास धरला तर ताशी दीड सेल. सेल तोच, खेळणारे मूल तेच, पण खर्च साडेपाच पट. यातली बरीचशी वीज पडद्यामागच्या दिव्यात जात होती. दिवसाउजेडी अंगणात खेळणारे मूल सूर्य डोक्यावर असताना दिव्याचे पैसे भरत होते.

निकाल सर्वांसमोर आहे. गेम बॉय आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. गेम गियर सुमारे एक कोटीवर थांबले. लिंक्स त्याच्याही मागे राहिले. अर्थात हे श्रेय एकट्या सेलचे नाही. किंमत कमी होती आणि सोबत 'टेट्रिस' होता. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर हा खेळ ज्या संगणकावर लिहिला, त्याला चित्रे काढताच येत नव्हती. चौकोन दाखवायला त्यांनी कंस वापरले होते. इतका काटकसरी खेळ चार छटांच्या पडद्यावर सहज रमला. १९९३ साली रशियन अंतराळवीर अलेक्झांडर सेरेब्रोव यांनी आपला गेम बॉय 'मीर' अंतराळस्थानकावर नेला होता.

पण सूत्र म्हणजे मंत्र नव्हे, हेही इतिहासानेच दाखवले. १९९५ साली योकोई यांनीच 'व्हर्च्युअल बॉय' केला. त्रिमितीय चित्र दाखवण्यासाठी स्वस्त म्हणून त्यात फक्त लाल दिवे वापरले. डोळ्यांना ताण पडतो अशी तक्रार झाली आणि वर्षभरात ते यंत्र बंद पडले. तंत्र जुने आणि स्वस्त असणे पुरेसे नाही. ते वापरणाऱ्याच्या शरीराला आणि परिस्थितीला जुळले पाहिजे. १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात योकोई यांचे निधन झाले. त्यांचा सहभाग असलेले शेवटचे यंत्र, बंदाई कंपनीचे 'वंडरस्वान', १९९९ साली आले. ते एका पेन्सिल सेलवर तीस तासांहून अधिक चाले.

९९९९ खेळांचा डबा

आपल्याकडे १९९० च्या दशकात या घराण्यातले जे यंत्र गावोगावच्या दुकानांत आणि जत्रांत पोहोचले, ते गेम बॉय नव्हे. ते होते 'ब्रिक गेम'. त्याचा पडदा गेम बॉयपेक्षाही साधा : दहा रकाने, वीस ओळी, एकूण दोनशे ठरावीक चौकोन. आत एक साधा नियंत्रक, बाहेर चार-सहा बटणे, मागे दोन-तीन सेल. वेष्टनावर मात लिहिलेले असे '९९९९ खेळ'. प्रत्यक्षात खेळ मोजकेच. प्रत्येक खेळाचे वेग, पातळ्या आणि फेरफार यांचा गुणाकार करून तो आकडा फुगवलेला असे. विद्यार्थ्यांना गुणाकाराचा आणि जाहिरातीचा धडा एकत्र द्यायला याहून चांगले उदाहरण नाही. 'चारशे खेळ', 'दहा हजार खेळ' असे आजही लिहिलेले असते आणि हिशोब बहुधा त्याच जातीचा असतो.

त्याच दशकात दूरदर्शन संचाला जोडायचे 'टीव्ही गेम'ही आले. त्यांचा मूळपुरुष निन्तेन्दोचे १९८३ सालचे 'फॅमिकॉम' यंत्र. त्याचा प्रक्रियक १९७५ साली २५ डॉलरला विकायला निघालेल्या ६५०२ या चिपवरून बेतलेला होता. पुढे संपूर्ण फॅमिकॉम एकाच चिपवर उतरवण्यात आला. आज काहीशे रुपयांना जो '४०० खेळांचा' हातातला डबा मिळतो, त्याच्या पोटात साधारणपणे हीच चिप असते.

यंत्राच्या पोटात दुभाषी

काही हजारांची यंत्रे वेगळ्या जातीची असतात. त्यांच्यात जुनी चिप नसते. ती छोटे संगणकच असतात आणि जुन्या यंत्राचे सोंग वठवतात. या सोंगाच्या कार्यक्रमाला 'एम्युलेटर' म्हणतात. ही कल्पना खेळांसाठी जन्मली नाही. आयबीएम कंपनीने १९६४ साली आपली नवी 'सिस्टिम ३६०' मालिका जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांकडे जुन्या १४०१ संगणकासाठी लिहिलेले पगारपत्रकांचे आणि हिशोबांचे ढीगभर कार्यक्रम होते. ते फेकून द्यावे लागू नयेत म्हणून नव्या यंत्राला जुन्याची भाषा शिकवली गेली. जुन्या खेळांना हीच युक्ती १९९० च्या दशकात हौशी मंडळींनी लावली. १९९५ च्या सुमारास मरात फैझुलिन यांनी गेम बॉयचा एम्युलेटर लिहिला. १९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी नाण्यांवर चालणाऱ्या खेळयंत्रांसाठी 'मेम' हा प्रकल्प सुरू केला.

एम्युलेटर म्हणजे दुभाषी. सिरोंच्याकडे तेलुगू आणि मराठी दोन्ही जाणणारा माणूस एकाचे वाक्य ऐकतो आणि दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगतो. एम्युलेटरही जुन्या चिपची एकेक आज्ञा वाचतो आणि तीच कृती नव्या चिपकडून करून घेतो. एका जुन्या आज्ञेसाठी नव्या चिपला अनेक पावले टाकावी लागतात, म्हणून ती बरीच वेगवान हवी. किती? गेम बॉयचा प्रक्रियक सेकंदाला सुमारे साडेदहा लाख मूलभूत पावले टाकतो. 'मियू मिनी' या २०२१ सालच्या छोट्या यंत्रातली चिप १.२ गिगाहर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला १२० कोटी ठोके. भागाकार केला तर जुन्या एका पावलासाठी नवे अकराशेहून अधिक ठोके हाताशी आहेत. दुभाष्याला भरपूर सवड आहे. म्हणजे गेम बॉय किंवा फॅमिकॉमचे खेळ हवे असतील, तर त्याहून महाग चिपचे पैसे मोजण्याचे कारण नाही. १९९४ च्या प्लेस्टेशनचे खेळ हवे असतील तर मात्र जास्त ताकद लागते. आधी कोणत्या काळचे खेळ हवेत ते ठरवावे, मग चिप पाहावी.

आपल्या भागात निवडताना

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याच पूर्व टोकाला, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि बऱ्याचदा वीजही जाते. या दोन्ही गोष्टी एकाच भागात खऱ्या आहेत. म्हणून इथे यंत्र निवडताना पहिला प्रश्न 'पडदा किती झगमगीत' हा नसून 'सेल कोणता' हा असावा.

सेल बाहेर काढता येतो का आणि तो जवळच्या बाजारात मिळतो का, हे पाहावे. स्वस्त डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत जुन्या नोकिया मोबाइलचा बीएल-५सी हा सेल असतो. तो आजही मोबाइलच्या साध्या दुकानात मिळतो. उलट, आत चिकटवलेला विशिष्ट मापाचा सेल फुगला, की चांगले यंत्रही कचऱ्यात जाते. क्षमता मोजायला सोपा गुणाकार आहे : ३००० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ११.१ वॅट-तास. यंत्र दीड वॅट खात असेल तर सात तासांहून थोडे जास्त. पाच वॅटच्या सौरपट्टीतून प्रत्यक्षात तीन वॅट मिळाले असे धरले, तर हा सेल साधारण चार तासांत भरेल.

दुसरी गोष्ट उन्हाची. चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ अंशांवर जातो. लिथियमचा सेल ४५ अंशांवर भारित करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. पत्र्याच्या छपराखाली भर दुपारी यंत्र भारणीला लावू नये. ते पहाटेचे किंवा रात्रीचे काम.

तिसरी गोष्ट पडद्याची. मियू मिनी आणि आनबर्निक कंपनीचे 'आरजी३५एक्सएक्स' या दोन्ही यंत्रांचा पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आहे. फॅमिकॉमचे चित्र २५६ बाय २४०. दुप्पट केले की ५१२ बाय ४८० : उंची तंतोतंत भरली. गेम बॉयचे १६० बाय १४४ तिप्पट केले की ४८० बाय ४३२ : चौफेर थोडी कोरी चौकट राहील, पण प्रत्येक ठिपका अचूक चौरस दिसेल. चौकट भरावी म्हणून तिपटीपेक्षा थोडे जास्त ताणले, तर काही ठिपके रुंद आणि काही अरुंद होतात आणि चित्र विद्रूप दिसते. पूर्णांकाने गुणले जाणारे चित्र स्वच्छ दिसते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

चौथी गोष्ट हक्कांची. यंत्रावरचे पेटंट वीस वर्षांनी संपते. म्हणून १९८३ च्या यंत्राची नक्कल आज करता येते. पण खेळ हा लिहिलेला कार्यक्रम आहे, त्याला लेखनहक्काचे संरक्षण आहे आणि १९८० च्या दशकातल्या खेळांचे ते संरक्षण अजून संपलेले नाही. फुकट भरून मिळणाऱ्या हजारो खेळांपैकी बहुतेक खेळ परवानगीविना घातलेले असतात. शाळेने अशा यंत्राचा वापर करताना हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

खेळण्याकडून खेळ रचण्याकडे

मग शाळेने करावे काय? हौशी लेखकांनी गेम बॉयसाठी नव्याने लिहिलेले आणि मोफत वाटलेले अनेक खेळ आहेत. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे असे खेळ स्वतः रचण्याची साधने उपलब्ध आहेत. 'जीबी स्टुडिओ' हे २०१९ पासून मोफत मिळणारे साधन साध्या संगणकावर चालते आणि त्यात केलेला खेळ स्वस्त हातयंत्रावर खेळता येतो. आजच्या मोबाइलच्या पोटात काय चालते, हे एका माणसाला समजून घेणे अशक्य झाले आहे. गेम बॉय मात्र अकरावीच्या विद्यार्थ्याला जवळजवळ संपूर्ण समजू शकतो. वाळलेल्या तंत्राचा हा सर्वांत मोठा फायदा. ते उघडून पाहता येते.

सुरुवात संगणकाशिवायही होईल. गेम बॉयचा पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरशांचा असतो : आडव्या २० आणि उभ्या १८. विद्यार्थ्यांना चौकटीच्या कागदावर ८ बाय ८ चे घर आखून द्या आणि त्यात देवनागरी अक्षर बसवायला सांगा. रोमन लिपीचे 'ए' अक्षर सहज बसते. 'की' लिहिताना वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, 'कृ' लिहिताना खाली जागा लागते आणि 'क्ष' आठ घरांत गुदमरतो. मग १६ बाय १६ चे घर घ्या. आता पडद्यावर आडवी १० आणि उभी ९, एकूण ९० अक्षरे मावतील. गोष्ट तेवढ्यात सांगता आली पाहिजे. गोंडी लिहिण्यासाठी मसराम आणि गुंजाळा अशा दोन लिप्या आहेत आणि अनुक्रमे २०१७ व २०१८ साली त्यांना युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यांची अक्षरे या घरांत कशी बसतील, हे ठरवणारे परके कोणी असण्याचे कारण नाही.

जपानी आणि अमेरिकी मुलांच्या खेळांत त्यांची गावे आणि त्यांची भाषा आली, कारण ते खेळ रचणारी माणसे तिथली होती. एटापल्लीच्या आश्रमशाळेतल्या मुलीने रचलेल्या खेळात मोह वेचणारी आजी येईल आणि ती माडिया बोलेल. त्यासाठी नवीनतम यंत्राची वाट पाहावी लागणार नाही. लागणारे लाकूड केव्हाच वाळून तयार आहे.